ज्यांचा आकडा धरला जात नाही



फळ्यावर आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस बर्फावरच्या खेळाविषयी काय बोलणार? आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दाराशी झाले. बर्फ पाहिला तो सरबताच्या पेल्यात. परंतु मागल्या हिवाळ्यात अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात पुतणीकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला. तिथे कॉलेजच्या मुलामुलींच्या स्कीच्या शर्यती पाहिल्या, आणि आमचीच एक जुनी चूक आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

स्की म्हणजे पायांना अडकवायच्या लांब, अरुंद पट्ट्या. त्यांच्यावरून उतारावर रोवलेल्या दांड्यांमधून वळणे घेत खाली यायचे, ही एक शर्यत; आणि सपाटीवर, चढावर, उतारावर हातांतल्या काठ्या रेटत काही किलोमीटर पळायचे, ही दुसरी. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धा तिकडे १९५४ सालापासून भरतात. १९८३ पासून मुलांचे आणि मुलींचे गुण एकाच बेरजेत धरले जातात. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला, तरी आमच्या बेरजा अजून सगळीकडे जुळत नाहीत. असो.

मिडलबरी कॉलेजच्या डोंगरावर आम्ही स्लालमची शर्यत पाहिली. पूर्वेकडच्या या कॉलेजांच्या शर्यतींत एका संघाचे सहाजण उतरतात, पण गुण धरतात ते पहिल्या तिघांचे. उरलेले तिघेही त्याच थंडीत उभे राहिले, त्याच उतारावरून आले, आणि संध्याकाळच्या कागदावर संघाच्या बेरजेत त्यांचा काहीच वाटा नाही. शिवाय संघात असूनही उतरण्याचा क्रमांक न मिळालेले आणखी काहीजण असतात. आम्हांला प्रश्न पडला तो या मंडळींचा. यांना पहाटे उठून डोंगरावर कोण आणते? यांचे मन कोण सांभाळते?

आमची समजूत होती की प्रशिक्षक पाठ थोपटत असेल, चार उत्साहाचे शब्द बोलत असेल. आम्हीही गेट-मीटिंगमध्ये तेच करत आलो. पण तिथे पाहिले ते निराळेच. पहिला खेळाडू खाली पोचला की धापा टाकतच वॉकीटॉकी हातात घेतो आणि वर थांबलेल्या सोबत्यांना रस्त्याची खबर देतो. अमुक फाटकानंतर बर्फ काचेसारखा कडक आहे. तमुक वळणावर चाकोरी खोल पडली आहे, तिथे लवकर वळा. प्रत्येक माणूस खाली गेला की बर्फ आणखी उकरला जातो, त्यामुळे आधीची खबर शिळी होते आणि ताजी लागते. म्हणजे स्वतः पडलेल्या खेळाडूची खबरही तितकीच मोलाची, कदाचित अधिक. कारण घसरायला कुठे होते ते त्याला पक्के ठाऊक! वर उभ्या असलेल्याला धीर येतो तो त्या खबरेने. नुसत्या ‘शाबास’ने पायाखालचा बर्फ मऊ होत नाही.

दुसरी शर्यत आम्ही रिप्टन गावाजवळच्या झाडीत पाहिली. तिथे खेळाडू अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एकेक सुटत होते. पळणाऱ्याला आपण पुढे आहो की मागे, काही कळत नाही. तो झाडीत एकटा असतो. ज्यांना त्या दिवशी क्रमांक मिळाला नव्हता, ती मुले सगळ्यांत अवघड चढावर घड्याळ घेऊन उभी होती. सोबतीण जवळ आली की ओरडून सांगायची, पुढची चार सेकंदांवर आहे. शेवटाला, जिथे टाळ्या वाजतात, तिथे गर्दी होती. ही मुले मात्र जिथे छाती फुटते तिथे उभी होती, आणि माणूस कुठे उभा राहतो यावरून आम्ही त्याला ओळखतो.

आता आमची चूक. कारखान्याचे नाव सांगत नाही. सत्तेचाळीस दिवसांच्या संपानंतर करार झाला, आणि आम्ही दाराशी सभा घेऊन वाटाघाटी करणाऱ्या पाचजणांना हार घातले. त्या सत्तेचाळीस दिवसांत एक गृहस्थ कुणाच्या घरी किती धान्य पोचले याची वही ठेवत होते. कुणाची चूल विझली हे त्यांना आमच्या आधी कळायचे आणि तेच आम्हांला सांगायचे. हार सहावा नव्हताच. ते कचेरीत पुन्हा आले नाहीत. आम्ही त्यांना रागीट म्हटले. पण खरी गोष्ट हाराची नव्हती, हे आम्हांला त्या डोंगरावर उमगले. संप मिटल्यावर आम्ही त्यांच्याकडून ती वही मागून घेतली आणि दुसरे काहीच काम दिले नाही. त्यांची खबर आम्हांला नकोशी झाली होती.

कुणी म्हणेल, स्पर्धेत एवढे सौजन्य कसले? तर २००६ सालची तोरिनोची ऑलिंपिक आठवा. स्त्रियांच्या जोडीच्या शर्यतीत कॅनडाच्या सारा रेनरची काठी मोडली. कडेला उभ्या असलेल्या नॉर्वेच्या ब्यॉर्नार होकेन्समून यांनी आपल्याजवळची काठी तिच्या हातात दिली. कॅनडाला रौप्यपदक मिळाले आणि नॉर्वे चौथा आला. काठी देताना त्यांनी भाषण केले नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मिडलबरीच्या डोंगरावर सहाव्या क्रमांकाने उतरलेल्या एका मुलीशी आम्ही पुतणीच्या मदतीने बोललो. वर सुटताना सगळे अंगावरचे जाड कोट काढून ठेवतात. ते एका मोठ्या पिशवीत भरून ती खाली घेऊन आली होती. तुझा वेळ तर धरत नाहीत, मग वाईट नाही वाटत? आम्ही विचारले. वाटते, ती म्हणाली, अगदी लपवले नाही. मग घाईने पिशवी उघडू लागली, कारण तिच्या संघातली मुले कुडकुडत होती आणि कुणाचा कोट कुठला हे तिलाच ठाऊक होते.