सुराबायाची लढाई

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातील सुराबायाची लढाई वर्गात सांगत असता एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, आपली माणसं कुणाच्या बाजूला होती?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना मी थोडा अडखळलो.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. जपान नुकताच शरण गेला होता. डच राज्यकर्ते परतण्याच्या तयारीत होते. १९ सप्टेंबरला सुराबायाच्या एका हॉटेलावर डचांचा तांबडा-पांढरा-निळा झेंडा फडकला, तेव्हा तरुण वर चढले आणि त्यांनी खालचा निळा पट्टा फाडून टाकला. उरला तो तांबडा-पांढरा, म्हणजे स्वतंत्र इंडोनेशियाचा झेंडा! जपान्यांच्या साठ्यातली हत्यारेही या तरुणांच्या हाती आली होती.

२५ ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी हिंदी ब्रिगेड बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. कैद्यांची सुटका करायची आणि जपान्यांना निःशस्त्र करायचे, एवढेच काम त्यांना सांगितलेले. मॅलबींनी स्थानिक पुढाऱ्यांशी समेटही केला. पण दोनच दिवसांनी वरिष्ठांच्या हुकमाची पत्रके विमानातून पडली : हत्यारे खाली ठेवा! झालं, शहर पेटले. ठिकठिकाणी विखुरलेल्या तुकड्या वेढ्यात सापडल्या. सुकार्नो स्वतः धावून आले, म्हणून तह तरी झाला.

३० तारखेच्या संध्याकाळी तह समजावीत फिरणारे मॅलबी एका इमारतीपाशी मारले गेले. आत मराठा शिपाई होते, बाहेर खवळलेला जमाव. पहिली चूक कोणाची, यावर आजही वाद आहे.

मग निर्वाणीचा खलिता आला. १० नोव्हेंबरच्या सकाळी सहापर्यंत शस्त्रे द्या! आदल्या रात्री गव्हर्नर सुर्यो यांनी रेडिओवरून नकार कळविला. पंचविशीतला सुतोमो तर रेडिओवरूनच लोकांना लढायला उठवीत होता. आकाशवाणीवर बोलताना मला त्याची आठवण येणारच! त्या सकाळी जहाजांतून तोफा आणि वरून विमाने सुरू झाली. तरीही शहर घ्यायला सुमारे तीन आठवडे लागले. हजारो नागरिक मेले.

इकडे नेहरूंनी हिंदी सैन्याच्या या वापराचा जाहीर निषेध केला. महायुद्ध संपले, आता घर, असे वाटण्याच्या दिवसांत आपले शिपाई परक्यांच्या साम्राज्यासाठी दुसऱ्या गुलाम देशाच्या रस्त्यांवर मरत होते, मारतही होते. काही हिंदी शिपाई तर फौज सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. बाकीच्यांना मी तरी दोष देऊ शकत नाही. हुकूम पाळणे हीच त्यांची भाकरी होती.

२७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्ता सोडली. १० नोव्हेंबर हा तिथे वीरदिन म्हणून पाळतात. त्या विद्यार्थ्याला मी अखेर एवढेच म्हणालो, "बाबा रे, त्या सकाळी आपली माणसं दोन्ही बाजूंना होती."