दारची सदाफुली आणि कर्करोगाचे औषध

(वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांतून फिरताना कुणाच्या तरी दारी सदाफुली दिसतेच. मधुमेहावर तिची पाने चघळणारी मंडळीही आपल्यात आहेत. जमैका बेटावरही हाच समज होता. तेथून आलेली पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी तपासली. साखर काही उतरली नाही. उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. दुसऱ्या कुणी पाने फेकून दिली असती. पण रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, हे त्यांनी हेरले. १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हाती आले, मागोमाग व्हिन्क्रिस्टीन. पेशी दुभंगताना तिच्यात जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते ही औषधे होऊ देत नाहीत. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही देतात.

मग पाने चघळून का भागू नये? एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. शिवाय त्याच पानांत इतर अनेक अल्कलॉइडे आहेत, त्यांतली काही विषारी!

आपल्याच महाराष्ट्रातील नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासमवेत १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले. (सह्याद्रीतील नरक्यातही ते आहे, त्यापायी बिचाऱ्या नरक्याची बेसुमार तोड झाली.) रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयाला इजा होऊ लागली आणि प्रयोग थांबवावे लागले. रेणूत फेरफार करून सुधारलेली औषधे अमेरिकेत १९९६ साली मान्य झाली. म्हणजे तीस वर्षे गेली. याच जोडीने १९७१ साली जगापुढे मांडलेल्या टॅक्सॉललाही १९९२ पर्यंत थांबावे लागले.

आता आपल्या घरातले पाहू. कलौंजीतील थायमोक्विनोनने, मेळघाटातल्या बिब्ब्याच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारल्याचे शोधनिबंध आहेत. पण काचेच्या बशीत पेशी मेली म्हणजे रोगी बरा झाला, असे नव्हे. बिब्बा तर नुसता अंगावर उतला तरी काय होते, हे वऱ्हाडात सांगायला नको. कलौंजीत शिफा आहे ही आपली श्रद्धा. तिला माझा विरोध नाही. परंतु इलाज करा, हेही पैगंबर साहेबांनीच सांगितले आहे.

खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा एखाद्या भगिनीच्या छातीत गाठ लागली, तर संकोचापायी तेल आणि काढ्यात महिने घालवू नका. तुकडा काढून तपासणी करून घ्या. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. आणि घरी एखादा काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पतींमुळे औषधाचा परिणाम कमीजास्त होतो, आणि व्हिन्क्रिस्टीनसारख्या औषधात थोडी जास्त मात्राही नसांना इजा करते.