घरी परतलेला रुग्ण

रुग्णालयातून घरी जाण्याची परवानगी मिळाली, की घरच्या मंडळींना आजार सरल्यासारखे वाटते. वृद्ध रुग्णाची खरी कसोटी मात्र पुष्कळदा त्याच दिवशी सुरू होते. कालपर्यंत वेळेवर औषध देणारी परिचारिका होती; आज उशाशी गोळ्यांची पाकिटे आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद एवढेच उरते. जुनी कोणती गोळी बंद झाली, नवी कोणती सुरू झाली, रात्री पायांवर सूज दिसली तर कोणास विचारावे, हे त्या कागदावरून उमजतेच असे नाही.

ही अडचण सर्वत्रच आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमायोजनेतील रुग्णांची एक मोठी पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. घरी गेलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एकपंचमांश तीस दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात दाखल झाले होते. शस्त्रक्रियेवाचून उपचार होऊन गेलेले जे रुग्ण असे परतले, त्यांतील निम्म्यांनी मधल्या काळात डॉक्टरांची भेट घेतल्याची नोंदच नव्हती.

हा मधला काळ यंत्राच्या साहाय्याने सांभाळता येईल काय? हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाच्या शरीरात पाणी साठू लागले, की पुष्कळदा दम लागण्यापूर्वीच त्याचे वजन वाढू लागते. तेव्हा रोजचे वजन डॉक्टरांस कळले तर संकट आधीच ओळखता येईल, हा तर्क बिनतोड वाटतो. अमेरिकेतच १,६५३ रुग्ण घेऊन त्याची परीक्षा झाली. रुग्णाने रोज दूरध्वनी करावा, ध्वनिमुद्रित प्रश्नांना कळ दाबून उत्तरे द्यावीत आणि ती डॉक्टरांच्या कार्यालयात तपासली जावीत, अशी योजना होती. २०१० साली निष्कर्ष हाती आला. पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण मुळीच घटले नव्हते. योजनेत घेतलेल्या सातांपैकी सुमारे एका रुग्णाने तर ती यंत्रणा एकदाही वापरली नव्हती.

जर्मनीतील प्रयोगाचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो निराळा होता. त्यात १,५७१ हृदयरुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांच्या घरी वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि हृदयाचा आलेख काढणारे उपकरण देण्यात आले. रोजची मोजमापे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील केंद्राकडे जात. तेथे अहोरात्र डॉक्टर व परिचारिका हजर असत, औषधात बदल सुचवीत आणि दरमहा रुग्णाशी दूरध्वनीवर बोलत. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत वर्षाला शंभरांमागे सुमारे ११ मृत्यू झाले. या गटात सुमारे ८.

दोन्ही प्रयोगांत इतरही भेद होते. तथापि एक भेद नजरेआड करता येत नाही. पहिल्यात रुग्णाशी यंत्र बोलत होते; दुसऱ्यात यंत्रामागे माणूस जागा होता.

भारतात २०२० च्या मार्चमध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर झाले, आणि ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. मुले परगावी आणि आईवडील जुन्या घरी, अशा कुटुंबांना या सोयीचे मोल सांगावयास नको. परंतु उपकरण विकत घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या दारातच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मोजलेला आकडा कोणाकडे जाणार, तो कोण पाहणार आणि रात्री फोन केल्यास कोण उचलणार. त्यांची उत्तरे, गोळ्यांच्या वेळांसह, ठळक मराठी अक्षरांत लिहून रुग्णाच्या उशाशी ठेवावीत.