झिजलेल्या पात्याचे सौंदर्य

(हत्यारांच्या जलरंगचित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



या दालनात देवदेवता नाहीत, गडकोट नाहीत. पटाशी, रंधा, करवत, रापी, ओळंबा अशी नित्याची हत्यारे आहेत आणि तीही जशीच्या तशी रंगवलेली. यात सुंदर ते काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

जलरंग हे कठोर माध्यम आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा राखायचा असतो. धारेवरची ती लखलखती रेघ म्हणजे चित्रकाराने संयमाने न रंगवलेला कागद होय. चूक झाकणेही येथे कठीण. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी दीपधारिणीच्या सुप्रसिद्ध चित्रातील उजेड याच माध्यमात साकारला. जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १५०३ मध्ये रानगवताचा साधा झुपका तितक्याच निष्ठेने रंगवला. क्षुल्लक वस्तूकडे निष्ठेने पाहणे, हीच या कलेची साधना आहे.

परंतु मला खरी दृष्टी दिली ती या चित्रांच्या चौकटी करणाऱ्या सुतारांनी. एका पटाशीच्या चित्रासमोर ते थबकले आणि म्हणाले, "एवढं पातं एका जन्मात झिजत नाही. बापाची पटाशी असणार ही." मी त्या चित्रातील रंगसंगती पाहत होतो, त्यांना दोन पिढ्यांचे श्रम दिसले. सौंदर्य त्या झिजेत होते.

आपण खंडेनवमीला हत्यारे पूजतो. मात्र हत्यार पूज्य आणि ते धरणारा हात हलका, ही विसंगती आपल्या समाजाने शतकानुशतके जोपासली. ज्या रापीने सर्वांच्या पायांचे रक्षण केले, ती चालवणाऱ्याला आपण उंबऱ्याबाहेर उभे केले. सावता महाराजांना मळ्यात आणि गोरोबाकाकांना चिखल तुडवताना विठ्ठल दिसला. त्यांचे अभंग आपण गायलो. त्यांच्या वाटेने किती चाललो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

म्हणून एक विनंती. ही चित्रे पाहून केवळ 'छान' म्हणू नका. घरी सुतार, गवंडी कामाला येतील, तेव्हा त्यांच्या हत्यारांकडे क्षणभर निरखून पाहा. त्यांचे नाव विचारा. चहा आपल्याच कपात, आपल्या शेजारी बसवून द्या. समरसतेचा आरंभ तेथून होतो आणि या चित्रकाराच्या साधनेचे चीजही त्यातच आहे.