चळवळीतून आलेला कादंबरीकार : तरुणपणीचे भाऊ पाध्ये



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्यात त्यांची चूक नाही. युनियनचा माणूस दुसरे काय बोलणार? परंतु कायद्यांविषयी आम्ही गेटवर रोजच बोलतो. म्हणून आम्ही विषय बदलून मागितला आणि चालकांनी तो मोठ्या मनाने दिला. आज आम्ही भाऊ पाध्ये या कादंबरीकाराच्या तरुणपणाविषयी बोलणार आहोत. साहित्याची चिकित्सा हा आमचा प्रांत नव्हे. आमचे वाचन वाचनालयाच्या बाकावर झाले, तेही पाळी सुटल्यावर. तेव्हा एका वाचकाचा कबुलीजबाब एवढ्याच अर्थाने आपण हे ऐकावे.

भाऊंचे पूर्ण नाव प्रभाकर नारायण पाध्ये. जन्म १९२६ सालचा, दादरचा. याच नावाचे दुसरे एक नामवंत लेखक व संपादक मराठीत होऊन गेले. त्यांची आणि भाऊंची गल्लत करू नये. भाऊ १९४८ साली मुंबई विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे पदवीधर झाले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. पदवीधर तरुणाला नोकरीचे दार त्या काळी आजच्याइतके बंद नव्हते. परंतु हा तरुण गेला कामगार चळवळीत. १९४९ ते १९५१ ही वर्षे त्यांनी युनियनच्या कामात घालवली.

युनियनचे काम म्हणजे काय, हे दुरून पाहणाराला कळत नाही. त्याला मोर्चा दिसतो, झेंडा दिसतो, भाषण ऐकू येते. पण खरे काम असते ते वर्गणीच्या पावत्या फाडण्याचे, तक्रारीचे अर्ज लिहून देण्याचे, मालकाच्या कचेरीबाहेर तासन् तास ताटकळण्याचे आणि रात्री चाळीत जाऊन रुसलेल्या सभासदाची समजूत काढण्याचे. हे काम दोन वर्षे करणाऱ्या माणसाला माणसांची जेवढी पारख होते, तेवढी दहा वर्षे ग्रंथ वाचून होत नाही, असे आमचे नम्र मत आहे.

चळवळीतून बाहेर पडल्यावर भाऊंनी शाळेत शिकवले. वडाळ्याच्या स्प्रिंग मिलमध्ये कारकुनी केली, आयुर्विमा महामंडळात कारकुनी केली. १९५६ साली त्यांचा विवाह शोशन्ना माझगावकर यांच्याशी झाला. त्याही कामगार चळवळीतल्याच. पुढे ते 'हिंद मजदूर' आणि 'नवशक्ति' या पत्रांतून पत्रकारीत शिरले. शाळा, गिरणी, विमा कचेरी आणि वर्तमानपत्र असा हा फेरा पाहिला म्हणजे कोणी म्हणेल की, या गृहस्थाचा पाय कोठे ठरत नव्हता. आम्हांला तसे वाटत नाही. मुंबई हे शहर त्यांनी चारही बाजूंनी आणि पगारी नोकराच्या उंचीवरून पाहिले. गच्चीवरून पाहिले नाही.

१९६० साली त्यांची पहिली कादंबरी आली, 'डोंबाऱ्याचा खेळ'. पाठोपाठ १९६१ साली 'करंटा'. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या आत होते. या दोन्ही कादंबऱ्यांच्या मुळाशी कामगार चळवळीचा अनुभव आहे. मराठी कादंबरीला गिरणी कामगार अगदी नवा होता असे नाही. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी १९३३ सालची. तथापि मामा चळवळीकडे सहानुभूतीने पाहणारे होते, भाऊ चळवळीत राबलेले होते. चळवळीतले पुढारी आणि कार्यकर्ते हीही माणसेच असतात, त्यांना मोह असतो, थकवा असतो, एकमेकांची असूया असते, हे त्यांनी लपवले नाही. पहिल्या पुस्तकाचे नावच पाहा ना! तारेवर चालणारा एक, ढोलकी वाजवणारा दुसरा आणि खाली पैसे टाकणारे तिसरेच.

आता कबुलीजबाब. आम्ही युनियनमध्ये नवीन होतो, पंचविशीच्या आतबाहेर. एका वयस्क सहकाऱ्याने आमच्या हातात 'करंटा' ठेवली. आम्ही ती अर्धी वाचली आणि रागाने परत केली. आम्ही म्हणालो, "मालकाने छापून वाटावे असे हे पुस्तक आहे. आपल्याच घरातली धुणी रस्त्यावर!" सहकारी हसले आणि एवढेच म्हणाले, "धुणी घरातच कुजवलीस तर वास कोणाला येईल?" त्या उत्तराचा अर्थ कळायला आम्हांला पुढची काही वर्षे लागली.

ठाण्याच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. नाव घेण्याचे कारण नाही. बोलणी फिसकटली होती, आणि ती फिसकटली हे आम्हांला ठाऊक होते. तरीही पंधरा दिवस आम्ही गेटवर रोज हेच सांगत राहिलो की, विजय जवळ आला आहे. धीर खचू नये हा हेतू. हेतू वाईट नव्हता. सोळाव्या दिवशी सभा संपल्यावर एक फिटर जवळ आला. तो कधी सभेत बोलत नसे. तो म्हणाला, "साहेब, खरे काय ते आज सांगा. घरी मंगळसूत्र गहाण टाकायचे की नाही, ते ठरवायचे आहे." आम्हांला उत्तर देता आले नाही. कारण आमच्या पंधरा भाषणांच्या भरवशावर पुष्कळ घरांतून तो निर्णय आधीच होऊन गेला होता.

त्या रात्री आम्हांला 'करंटा' आठवली. दुसऱ्या आठवड्यात वाचनालयातून ती पुन्हा आणली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. मित्रहो, ज्या लेखकाला आम्ही चळवळीचा वैरी समजलो होतो, तो आम्हांला तेच सांगत होता, जे त्या फिटरने सांगितले. कामगाराला धीर हवा असतो हे खरे; पण त्याआधी त्याला खरे हवे असते.

येथे एका आयरिश माणसाची आठवण होते. रॉबर्ट ट्रेसेल हे टोपणनाव घेऊन लिहिणारा हा गृहस्थ डब्लिनमध्ये जन्मला आणि इंग्लंडात घरे रंगवण्याचे काम करून पोट भरी. त्याने रंगाऱ्यांच्या जीवनावर एकच प्रचंड कादंबरी लिहिली. प्रकाशक मिळाला नाही. १९११ साली तो क्षयाने गेला. मुलीच्या खटपटीने १९१४ साली पुस्तक निघाले, तेही काटछाट होऊन. संपूर्ण संहिता छापली गेली ती १९५५ साली. आपले श्रम मालकाला दान करणारे फाटक्या विजारीचे दानशूर, असे त्याने कामगारांनाच म्हटले आहे. त्यांच्या अडाणीपणावर तो कोरडे ओढतो. तरी ब्रिटनमधील कामगारांनी ते पुस्तक हातोहात फिरवले. तिकडे कामगारांनी आपल्यावर टीका करणारे पुस्तक जपले. इकडे आमच्यासारख्यांनी ते अर्धे वाचून परत केले.

भाऊंनी पुढे चळवळीपुरते लिहिले नाही. १९६४ साली 'वैतागवाडी' आली. मुंबईत डोके टेकण्यापुरती जागा मिळावी म्हणून पांढरपेशा माणसाची जी वणवण होते, ती या कादंबरीत आहे. आपण डोंबिवलीकर-कल्याणकर मंडळींनी तर ती मुद्दाम वाचावी. आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील याच वणवणीतून रेल्वेच्या या रुळांवर येऊन पडले. मुंबईत खोली परवडेना, म्हणून ठाणे. ठाणे परवडेना, म्हणून डोंबिवली, कल्याण. सकाळच्या लोकलला लोंबकळणारी गर्दी ही त्या 'वैतागवाडी'चीच पुढची पिढी आहे.

१९६५ साली 'वासूनाका' आला आणि गहजब झाला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या उनाड पोरांच्या या कथा. पोक्या नावाचा त्यांच्यातलाच एक त्या सांगतो, आणि सांगतो तो त्यांच्याच बोलीत. पुस्तकावर अश्लीलतेचा आरोप झाला. आचार्य अत्रे यांच्यासारख्या बलाढ्य संपादकाने त्यावर कडाडून हल्ला चढवला. ती भाषा आपल्या देवघरात शोभणार नाही, हे आम्हीही मान्य करतो. परंतु ती पोरे कोणाची होती? कामावर जाणाऱ्या आईबापांची, एका खोलीत सात माणसे राहतात म्हणून घराबाहेर उभी राहणारी. आम्ही त्यांच्या बापांची युनियन बांधली. पोरांकडे आमचे लक्ष नव्हते. लक्ष गेले ते या कारकून-पत्रकाराचे. १९८२ चा गिरणी संप मोडल्यावर अशीच पोरे नाक्यानाक्यावर दिसू लागली, तेव्हा सगळ्यांना जाग आली. भाऊंनी ती सतरा वर्षे आधी पाहिली होती.

१९६७ साली 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' आली. सात वर्षांत पाच पुस्तके, आणि प्रत्येकाची वस्ती निराळी. १९९६ साली भाऊ गेले. पुढच्या लिखाणाचा हिशेब जाणकारांनी द्यावा. आम्हांला या पहिल्या सात वर्षांविषयीच बोलायचे होते.

त्यांच्याविषयी कोणी म्हणेल की, त्यांनी चळवळ सोडली. आम्हीही एके काळी तसेच म्हणत होतो. आज आमचे मत असे आहे की, त्यांनी युनियनची कचेरी सोडली, सभासदाची तक्रार लिहून घेण्याचे काम सोडले नाही. फरक एवढाच की त्या अर्जांवर मालकाबरोबर आमचेही नाव प्रतिवादी म्हणून होते.

सभेत टाळ्या मिळतील असे बोलणे सोपे असते, हे तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. त्या फिटरला त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. तेव्हापासून बोलणी फिसकटली तर त्याच संध्याकाळी गेटवर तसे सांगायचे, एवढा एक नियम आम्ही पाळत आलो आहोत. त्याने काही सभासद गेले. जे राहिले ते मात्र टिकले.

या पुस्तकांच्या प्रती आपल्या वाचनालयांतून मिळतील. अर्धे वाचून राग आला, तर परत करू नका, एवढी विनंती.