पोटातच कळलेला ऋतू



उंदीर का वाढले, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास मिळतात. खायला मुबलक झालं, नाहीतर साप-घुबडं कमी झाली. दोन्ही खरीच आहेत. पण रानातल्या या लहान जिवांची संख्या मरणाइतकीच विणीवरही ठरते, आणि ती वीण केव्हा सुरू व्हायची, केव्हा थांबायची, याची त्यांच्या शरीरातली व्यवस्था थक्क करणारी आहे. आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात माँटेन व्होल नावाचा प्राणी राहतो. उंदराचाच भाऊबंद, आखूड शेपटीचा, गवतात वाटा पाडून हिंडणारा. मादी जेमतेम महिन्याची झाली की गाभण राहू शकते, तीन आठवड्यांत विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा माजावर येते. आयुष्य मात्र बहुधा काही महिन्यांचंच. एवढ्याशा आयुष्यात विणीची वेळ चुकून कशी चालेल?

1977 साली नॉर्मन निगस आणि पॅट्रिशिया बर्जर यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ऐन हिवाळ्यात, वीण बंद असताना, त्यांनी रानातल्या व्होलना गव्हाचे ताजे हिरवे कोंब खायला दिले. दोन आठवड्यांत माद्या गाभण राहिल्या. ज्यांना कोंब मिळाले नाहीत, त्यांच्यात वीण बंदच होती. पुढे 1981 मध्ये त्यामागचं रसायन हाती लागलं. त्याचं नाव 6-एमबीओए. कोवळं पातं चावलं गेलं की ते तयार होतं. ते नुसतं दाण्यांना लावून दिलं तरी वीण सुरू होते, म्हणजे हा पोषणाचा परिणाम नव्हे. उलट गवत जून होऊन वाळायला लागलं की त्यात फेरुलिक आम्लासारखी द्रव्यं साठतात आणि ती पोटात गेली की वीण थांबते. पुढे चारा फुटणार की सरणार, हे गवतच मादीला कळवतं.

पण गवत दरवर्षी थोडं मागेपुढे होतं. दिवसाची लांबी चुकत नाही. अडचण एवढीच की चौदा तासांचा दिवस वर्षातून दोनदा येतो, वसंतात एकदा आणि उन्हाळा सरताना एकदा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लानं यातला कोणता हे कसं ओळखावं?

1984 मध्ये टेरेसा हॉर्टन यांनी याचा छडा लावला. त्यांनी काही माद्या गाभणपणी आठ तासांच्या उजेडात ठेवल्या, काही सोळा तासांच्या, आणि जन्मानंतर सगळी पिल्लं चौदा तासांच्या उजेडात वाढवली. आठ तासवाल्या आयांची पिल्लं भराभर वाढून वयात आली. सोळा तासवाल्यांची रेंगाळली. दिवस एकच, पण एकांसाठी तो वाढता आणि दुसऱ्यांसाठी घटता! ही खबर आईच्या रक्तातल्या मेलॅटोनिन या संप्रेरकामार्फत गर्भाला पोचते. उशिरा जन्मलेलं पिल्लू मग वयात न येताच हिवाळा काढतं आणि वसंतात विणीला लागतं. मला हा जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या शोधांपैकी एक वाटतो.

याचा शेतीशी थेट संबंध आहे. आग्नेय आशियातल्या भातशेतीत राहणाऱ्या उंदराची वीण भात पोटरीत येण्याच्या सुमारास सुरू होते. म्हणून तिथल्या संशोधकांनी लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच गावानं एकजुटीनं उंदीर धरावेत, अशी पद्धत बसवली. तेव्हा मारलेली एक मादी म्हणजे पुढची कित्येक पिल्लं टळली.

आपण मात्र पीक कुरतडलेलं दिसलं की झिंक फॉस्फाईडची आमिषं घेऊन धावतो. तोवर पिल्लं बिळात असतात. दुधावरची पिल्लं आमिषाला तोंड लावत नाहीत. आणि उरलेल्या माद्यांना चारा व जागा दोन्ही मोकळी मिळते. मोहिमेनंतर मेलेले उंदीर आपण मोजतो, त्यातल्या किती माद्या गाभण होत्या हे पाहत नाही. पोट फाडून पाहायला आणि महिन्यावार लिहून ठेवायला एक धारदार पातं आणि वही पुरते. दोन-तीन वर्षं हे नेटानं केलं, तर आपल्या तालुक्यातल्या मोहिमेची तारीख आपल्यालाच काढता येईल.