रोजा असल्याचं नाटक



२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. माझी पाळी सुरू झाली, तरी मी सहरीला उठले. अब्बांना, भावाला कळू नये म्हणून दिवसभर रोजा असल्याचं नाटक केलं. दुपारी मोरीचं दार लावून घाईघाईनं पाणी प्यायले. चोरी केल्यासारखं वाटलं.

खरं तर पाळीत रोजा ठेवायचाच नसतो. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. नमाज तर माफच. हदीसमध्ये हजरत आयेशा सांगतात, त्यांची पाळी चालू असताना पैगंबर त्यांच्या मांडीवर टेकून कुरआन पढत. सवलत धर्मानं दिली, शरम आपण जोडली.

पाळी म्हणजे काय? गर्भ राहिला नाही, की गर्भाशयाचं आतलं अस्तर रक्तावाटे बाहेर पडतं. साधारण २ ते ७ दिवस. यात लपवण्यासारखं काय आहे?

भावांनो, रमजानमध्ये बहीण दुपारी जेवताना दिसली, तर ‘रोजा नाही का?’ असं विचारू नका. पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवा. बहिणींनो, दार उघडं ठेवून जेवा.